तेल कुणी पाजलं

पोळ्याच्या दिवशी गावात घरं होती दीडशेच्या वर आणि बैलजोडी होती एक, पुंजारामची. पूर्वी वेशीत बैल मावत नसत. कुणाच्या बैलानं कुणाच्या बैलाला शिंग लावलं यावरून डोकी फुटायची. मग शिवारात द्राक्षबागा वाढल्या, बागेच्या ओळीतून फिरणारे बुटके ट्रॅक्टर आले आणि एकेका गोठ्यातला बैल बाजाराला गेला. आता लोक पोळ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतात, देवापुढं मातीचे बैल मांडतात आणि खऱ्या बैलाला घास द्यायचा म्हणून पुंजारामच्या जोडीची वाट बघत दारात उभे राहतात. गावाला बैल एका दिवसापुरता हवा असतो. वर्षभराचं शेण कुणाला नको असतं.

पुंजारामची जमीन सव्वा एकर. ती नावाला. घर चालायचं ते जोडीवर. ट्रॅक्टर जिथं शिरत नाही अशी कामं अजून होती. झेंडूतलं तण काढायला कोळपं धरायचं, टोमॅटोच्या सऱ्या पाडायच्या, कांद्याचं वावर सारखं करायचं. निफाडच्या या अंगाला असा एकच माणूस उरला होता, म्हणून त्याला काम होतं, आणि काम असलं तरी मान नव्हता. बागाईतदार त्याला फाटकाबाहेर उभं करून बोलायचे. चहा यायचा तो कडेला उपड्या ठेवलेल्या कपात.

पोळ्याला मात्र तेच लोक म्हणायचे, "या पुंजारामभाऊ, या. मालक आले बघा."

या एका वाक्यासाठी तो वर्षभर थांबायचा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपणही थांबलो असतो.

जोडीतला हरण्या चिकित्सक. वैरण हुंगल्याशिवाय तोंड लावायचा नाही. कवड्या अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला, भल्या मनाचा आणि खादाड. पुढं केलेला घास त्यानं कधी परतवला नव्हता. पोरंसोरं त्याच्या तोंडात हात घालून भाकर द्यायची.

या दोघांचं सगळं सखुबाई बघायची. सखुबाई पुंजारामची थोरली बहीण. नवरा वारल्यावर वीस वर्षांपूर्वी माहेरी आली ती इथंच राहिली. तिच्या सासऱ्याकडं गुरांची दवा होती, ती तिनं बघून बघून उचलली. वासरू हगवणीला लागलं, शेळीचं पोट फुगलं, कुणाच्या कुत्र्याला वारा धरला, की बाया तिला बोलवायच्या. ती कनवटीला हिंगाची पुडी लावून निघायची. घरात तिला सगळे आक्का म्हणायचे, पुंजारामची बायको छायासुद्धा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पुंजारामनं बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणं त्यांच्या कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आक्का लांब दाव्याशी उभी होती. विधवेनं या कामात हात घालायचा नसतो.

"पुंज्या, उद्या लोकांना सांग," ती म्हणाली. "घरटी येक घास पुरे. पयले चाळीस जोड्या व्हत्या तव्हा दीडशे घरांचं वाटून जायचं. आता समदं दोघांच्याच पोटात चाललं."

"लोक मानानं देत्यात आक्का. नाय कसं म्हनायचं?"

"मानानं दिलं तरी पुरन ते पुरनच. गूळ-डाळीचं आंबतं पोटात."

"गेल्या साली काय झालं? काय नाय झालं."

"गेल्या साली चार जोड्या व्हत्या."

पुंजाराम हरण्याचा खांदा चोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी जोडी सजली. शिंगांना लाल रंग, वर बेगड, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळा. पुंजारामचा मुलगा महेश ओझरला एका कारखान्यात कंत्राटी होता, तो सुट्टी टाकून आला होता. त्यानं नवा पांढरा सदरा घातला आणि कवड्याचं दावं धरलं. मारुतीला नेऊन आणलं, मग घरोघर. दारात बैल आला की बाई पायांवर पाणी घालायची, कुंकू लावायची, ओवाळायची आणि ताट पुढं करायची. ताटातला घास खाऊन होईपर्यंत माणसं फोन समोर धरून उभी. हरण्या प्रत्येक पोळी हुंगायचा, अर्धी खायचा, मान फिरवायचा. त्याची उरलेली कवड्यापुढं यायची.

मल्हारीच्या दारात मल्हारीच्या बायकोनं सात पोळ्यांची चवड ठेवली, वर वाटीभर तूप ओतलं. मल्हारी शेजारच्या वावराचा मालक, झेंडू आणि टोमॅटो करायचा. पुंजारामचं कोळपं सगळ्यात जास्त त्याच्याच वावरात चालायचं.

"भाऊ, आता बास करा," पुंजाराम म्हणाला. खरोखर म्हणाला, पण हसत म्हणाला.

"आरे, बैलाला सात पोळ्या म्हंजे काय? दान्यासारख्या. खाऊ दे. वर्साचा सण."

कवड्यानं सातही खाल्ल्या. पुढच्या घरी कुणी पाटीभर शिजवलेले गहू ठेवले होते, गूळ कालवून. तेही खाल्ले. आक्का सगळ्यांच्या मागं, बायांच्या घोळक्याच्याही मागं चालत होती. एकदा ती पुढं आली आणि महेशच्या दंडाला धरून म्हणाली, "फिरव आता घराकडं." तशी एक म्हातारी तिला म्हणाली, "सखू, तू मागं व्हय. ववाळायचं चाललंय." ती मागं झाली.

दिवस कलता कलता जोडी गोठ्यात आली. झूल काढताना पुंजारामला दिसलं की कवड्याच्या डाव्या कुशीतला खळगा भरून आलाय. रोज तिथं मूठभर खोलगट असायचं. आता ते वर आलं होतं, पाठीच्या कण्याला लागलं होतं. त्यानं बोटांनी टिचकी मारली. पखवाज वाजवावा तसा आवाज आला.

"आक्का," त्यानं हाक मारली.

आक्का आली, तिनं कुशीला कान लावला. आत काही हलत नव्हतं. कवड्या रवंथ करत नव्हता. पाय ताठ रोवून, मान लांब करून उभा होता आणि मधूनच मागच्या पायानं पोटाला लाथ मारत होता. तोंडातून लाळ गळत होती.

"डाक्टरला फोन लाव," ती महेशला म्हणाली.

महेशनं लावला. जनावरांच्या डॉक्टरबाई दोन गावं पलीकडं अडलेल्या म्हशीपाशी होत्या. म्हणाल्या, यायला वेळ लागेल, तोवर बसू देऊ नका, चालवत ठेवा, जपून तेल पाजा, आणि फारच धाप लागली तर परत फोन करा.

घरात गोडंतेल होतं. आक्कानं शेरभर तेल कोमट केलं, त्यात हिंग उगाळला, मुठीत चुरडलेला ओवा टाकला आणि शेवटी खायचा सोडा कालवला. खुंटीवरचं बांबूचं नळकांडं काढलं. तिरप्या तोंडाचं ते नळकांडं तिच्या सासऱ्याचं होतं, वापरून वापरून काळं झालेलं.

"महेश, शिंगं धर. तोंड लय वर नको. पाठीच्या सरळीत ठेव. पुंज्या, तू कूस चोळ, खालून वर."

तिनं कवड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून नळकांडं आत सरकवलं आणि घोटभर तेल सोडलं. थांबली. गळ्याची हालचाल झाली. परत घोटभर. परत थांबली. प्रत्येक घोटाला ती बैलाच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून वाट बघायची. असं अर्धं भांडं झालं.

पोट काही उतरेना. उलट कवड्याचा श्वास वाढला, जीभ बाहेर आली. तो एकदम पुढच्या गुडघ्यांवर बसला आणि कण्हला. पुंजारामनं त्याला कधी कण्हताना ऐकलं नव्हतं.

"आसं चमच्यानं पाजून कधी उतरायचं ते?" तो ओरडला. "आन इकडं."

"पुंज्या, घाई नको."

"आन म्हनतो ना."

त्यानं तिच्या हातातून नळकांडं ओढून घेतलं. बैलाला लाथ मारून उठवलं. डाव्या हातानं फडक्यात जीभ पकडली आणि बाजूला ओढली. महेशला म्हणाला, "तोंड वर कर. आजून वर."

"जीभ सोड," आक्का म्हणाली. "जीभ धरली की त्याला गिळता येत नाय. पुंज्या, जीभ सोड."

"तू गप."

त्यानं उरलेलं तेल दोन दमात ओतलं. कवड्या ठसकला. सगळं अंग हलवून ठसकला, नाकपुडीतून तेलाची धार आली, महेशच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. पुंजारामनं जीभ सोडली. बैल मान खाली घालून खोकत राहिला.

"गेलं ना पोटात," पुंजाराम म्हणाला.

आक्कानं कडुलिंबाची हातभर काठी आडवी करून कवड्याच्या तोंडात दिली, लगामासारखी, आणि दोन्ही टोकांची दोरी शिंगांना बांधली. काठी चघळता चघळता लाळ सुटते, लाळ पोटात जाते, वारा वर येतो. मग पुढचे पाय गोठ्याच्या ओट्यावर चढवले आणि वाळल्या गवताचा बोळा करून ती स्वतःच कूस चोळायला लागली. विधवा, पोळ्याचा बैल, रीत, हे सगळं त्या वेळी कुणालाच आठवलं नाही.

घटका गेली, दुसरी गेली. मग कवड्यानं मान लांब केली आणि ढेकर दिला. आंबलेल्या गुळाचा वास गोठाभर पसरला. परत एक ढेकर. कुशीवरचं कातडं हळूहळू सैल पडलं. पुंजाराम मटकन खाली बसला आणि हसायला लागला. छायानं देवापुढं दिवा लावला होता, तिनं तिथूनच हात जोडले.

तेवढ्यात मल्हारी विचारायला आला. बैल फुगलाय हे गावात पसरलं होतं.

"उतरलं का?"

"उतरलं," पुंजाराम म्हणाला. अंगात जीव परत आल्यासारखा तो मोठ्यानं बोलत होता. "आक्कानं पाजलं. तिच्या हाताला गुन हाय."

"हाय ना. सखुबाई म्हंजे सखुबाई."

पुंजाराम खोटं बोलावं म्हणून बोलला नव्हता. बहिणीला ओरडलो याची लाज त्याच्या मनात होती आणि ती त्यानं अशी फेडली. आक्का नळकांडं राखेनं धूत बसली होती. ती मान वर न करता ऐकत होती. तिचा एक कान कवड्याच्या खोकल्याकडं होता.

सकाळी कवड्यानं वैरणीला तोंड लावलं नाही. पोट ठीक होतं, खळगा पहिल्यासारखा दिसत होता. पण श्वास भरभर चालला होता, नाकपुड्या फाकल्या होत्या, कान गरम लागत होते. दुपारी डॉक्टरबाई आल्या. योगिनी त्यांचं नाव, तिशीच्या आतबाहेर, पायात गमबूट. त्यांनी छातीला नळी लावून दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं. मग नाकपुडीला बोट लावून हुंगलं.

"तेल फुफ्फुसात गेलंय," त्या म्हणाल्या. "पोटाचं औषध चुकलं नव्हतं. पाजणं चुकलं. जीभ ओढली होती का? तोंड वर धरलं होतं?"

पुंजारामनं कवड्याचं दावं हातात घेतलं.

"पाजलं कुणी?"

गोठ्यात तेव्हा घरची चार माणसं होती आणि दारात मल्हारी, त्याची बायको, आणखी पाच-सहा जण. महेशनं बापाकडं बघितलं. पुंजारामनं जमिनीकडं बघितलं. दावं त्याच्या हातात होतं, ते तो मनगटाला गुंडाळत होता. इतक्या लोकांपुढं, ज्यांनी काल त्याला मालक म्हटलं होतं त्यांच्यापुढं, त्याला 'मी' म्हणवेना.

"म्या पाजलं," आक्का म्हणाली.

तिला वाटलं होतं, तो लगेच म्हणेल, नाय, मी. तिनं त्याला वेळ दिला होता, एवढंच. ती त्याच्याकडं बघत राहिली. तो दावं गुंडाळत राहिला.

"मावशी, तुम्हाला तर माहिती असतं म्हणतात सगळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी दोन इंजेक्शनं दिली, उद्या परत येते म्हणाल्या, आणि निघताना महेशला बाजूला घेऊन फार आशा ठेवू नका असंही सांगून गेल्या.

दोन दिवस कवड्या उभाच होता. खाली बसला की श्वास कोंडायचा, म्हणून बसायचा नाही. आक्का बादलीभर पाण्याची वाफ त्याच्या नाकाखाली धरायची. पुंजाराम गोठ्यात यायचा, उभा राहायचा, निघून जायचा. तिच्याशी त्याचं बोलणं वैरणपाण्यापुरतं उरलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे कवड्याचे पाय गेले. सूर्य वर यायच्या आत तो संपला.

वीटभट्टीवरचा जेसीबी आला. बांधाच्या कोपऱ्यात खड्डा झाला. कवड्याच्या शिंगांचा लाल रंग अजून ताजा होता, एका शिंगाला बेगडाचा तुकडा तसाच चिकटला होता. पुंजारामनं तो नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. छायानं हळदकुंकू वाहिलं, मल्हारीच्या बायकोनं वाहिलं, गावातल्या आणखी बाया आल्या. आक्का बांधाच्या पलीकडं उभी होती.

"पोळ्याच्या दिशी रांडमुंडीचा हात लागला," त्या दिवशीची ती म्हातारी म्हणाली. ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "आनि काय व्हनार?"

"औषिध चुकलं तिचं," मल्हारी म्हणाला. "व्हतं. वय झालं."

सात पोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. पाटीभर गव्हांचं काढलं नाही. दीडशे घरांना एक कारण सापडलं होतं, ते प्रत्येकाला पुरलं. माणसं हलक्या मनानं घरी गेली.

पुंजारामनं पहिली माती ढकलली. तेव्हा तरी तो बोलेल असं महेशला वाटलं. महेशनंही तोंड उघडलं नाही. तोंड वर धरणारे हात त्याचेच होते. दुसऱ्या दिवशी तो ड्युटीला निघून गेला.

नंतर दोन आठवडे गेले. पावसानं तण माजलं आणि मल्हारीचा झेंडू दसऱ्यासाठी मोकळा करायचा होता. पुंजारामनं एका बैलाचं लहान कोळपं जोडलं. हरण्याला एकट्यानं चालायची सवय नव्हती. तो उजवीकडं दबायचा, जिथं कवड्या असायचा तिकडं, आणि झेंडूची रोपं तुडवायचा. पुंजाराम कोळप्याची मूठ, रुमणं, दाबून धरायचा, पायाला ढेकळं लागायची, संध्याकाळी तळव्यांना भेगा दिसायच्या. दोन दिवसांचं काम पाच दिवस चालायचं. मल्हारी बांधावरून बघायचा.

"ओळ धर रे जरा सरळ," तो म्हणायचा. "फुलं मोडली."

घरात छायानं गोठ्याचा झाडू स्वतःकडं घेतला होता. एक दिवस आक्का शेण काढायला वाकली तर छाया म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, मी करते." बोलणं साधंच होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आक्का गोठ्यात गेलीच नाही. चुलीपुढं बसायची, धान्य निवडायची. गावात पूजा म्हणून एक नवी सून आली होती, तिच्या शेळीचं करडू फुगलं. पूजा पळत यांच्या दारापर्यंत आली. मागनं तिची सासू आली आणि तिला मनगटाला धरून परत घेऊन गेली. आक्कानं कनवटीची हिंगाची पुडी सोडली आणि फडताळात ठेवून दिली.

पुंजाराम हे सगळं बघत होता. जेवताना त्याची मान ताटातून वर यायची नाही. एकदोनदा तो आक्काजवळ येऊन उभा राहिला, घसा खाकरला, आणि "तंबाखू हाय का?" एवढंच विचारून गेला. ती तंबाखू खात नव्हती.

घटस्थापनेला चार दिवस असताना मल्हारीनं कोबीचा पाला आणून टाकला. त्याचा कोबी काढून झाला होता, पाला गोठ्याबाहेर ढीग करून गेला. कोळप्याच्या कामाचा मोबदला त्यातच धरायचा त्याचा विचार असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी छाया टोमॅटोच्या खुडणीला गेली होती. हरण्यानं दावं तोडलं आणि दवानं ओला झालेला पाला खाल्ला. एकटा झाल्यापासून त्याचा चिकित्सकपणाही गेला होता, पुढं येईल ते खायचा.

पुंजाराम वावरातून कोळपं न्यायला आला तेव्हा हरण्या मान लांब करून उभा होता. डावी कूस वर आली होती. पुंजारामनं टिचकी मारली नाही. त्याला आवाज ऐकायचा नव्हता.

तो चुलीपाशी धावत आला. "आक्का, हरन्या फुगला."

आक्का सूप हातात घेऊन बसली होती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"डाक्टरीन?"

"फोन केला. तासभर लागंल म्हनत्या. तू चल."

"मी हात लावायची नाय."

"आक्का, येक बैल ऱ्हायलाय. हा गेला तर कोळपं माळ्यावर टाकायचं आनि मजुरीला जायचं. आपल्याला दुसरं काय येतं?"

"म्हनून म्हनते, मी लावायची नाय. हा बी गेला तर काय म्हनतील, ठाव हाय ना तुला?" ती उठली, फडताळातली पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. "तू पाज. मी उंबऱ्यातून सांगते."

तिनं सांगितलं तसं त्यानं केलं. तेल कोमट केलं. हिंग, ओवा. बैलाला ओट्याशी उभं केलं. दाव्यानं मान पाठीच्या सरळीत बांधली. नळकांडं घेताना त्याच्या बोटांवर तेल सांडलं. आक्का घराच्या उंबऱ्यात बसली होती. तिथून गोठा सरळ दिसतो.

"कोपऱ्यातून घाल. दाढंच्या आलीकडून. हां. घोटभर."

त्यानं घोटभर सोडलं. हरण्यानं मान झटकली. पुंजारामचा डावा हात आपोआप बैलाच्या तोंडाकडं गेला.

"जीभ," आक्का म्हणाली.

त्याचा हात हवेतच थांबला. मग खाली आला.

"गळ्याकडं बघ. हालला का?"

"हालला."

"मंग दुसरा. आनि घाई करू नको. ठसकला तर तोंड सोडून दे, तेल सांडलं तरी चालंल."

भांडं रिकामं व्हायला बराच वेळ लागला. सूर्य गोठ्याच्या पत्र्यावर आला. पुंजारामच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही त्यानं हात काढला नाही. मग लिंबाची काठी, पुढचे पाय ओट्यावर, गवताचा बोळा. तो खालून वर चोळत राहिला. आक्का मधूनच सांगायची, "आजून वर. बरगडीच्या मागं." हरण्या काठी चघळत होता. लाळेच्या तारा खाली लोंबत होत्या.

पहिला ढेकर आला तेव्हा पुंजारामनं बैलाच्या पाठीवर कपाळ टेकलं. तसंच टेकून तो रडला. आवाज झाला नाही, पाठ हलत होती.

"आक्का," तो तिकडं न बघता म्हणाला. "त्या दिशी जीभ म्या धरली व्हती."

"मला काय सांगतो? मी तिथंच व्हते."

"माझी चुकी झाली."

"मला ठाव हाय. गावाला सांग."

बाहेर फटफटी थांबली. मल्हारी आला होता, कोळपं अजून का आलं नाही ते बघायला. त्यानं तोंडात काठी बांधलेला हरण्या बघितला, रिकामं भांडं बघितलं.

"ह्यो बी फुगला? वाचला का?"

"वाचला. म्या पाजलं. आक्कानं सांगितलं तसं." पुंजाराम बैलापासून बाजूला झाला आणि मल्हारीसमोर येऊन उभा राहिला. "भाऊ, येक सांगायचंय. कवड्याला तेल आक्कानं नाय पाजलं. तिनं नीट पाजत आनलं व्हतं. म्या तिच्या हातातून घेतलं, जीभ ओढली आनि ओतलं. तिनं नको म्हनलं तरी. बैल माझ्या हातानं मेला."

मल्हारीनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग उंबऱ्यातल्या आक्काकडं.

"तू तर ह्याच जागी म्हनला व्हतास, आक्कानं पाजलं म्हनून."

"म्हनलो व्हतो."

"आनि डाक्टरीनीपुढं ती सोता म्हनली. समद्यांनी ऐकलं."

"ते खरं नव्हतं."

मल्हारी हसला. वाईट हसला नाही, समजूतदारपणानं हसला. पुंजारामच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला.

"बहीन हाय, पाठीशी घालनारच तू. मी बी घातलं आसतं. जाऊ दे. मेलेल्या बैलाचं आता काय?" त्यानं फटफटीला किक मारली. "दुपारपत्तर ये झेंडूत. फुलं थांबत नायत."

धूर गोठ्यात शिरला आणि हरण्यानं मान झटकली. फटफटीचा आवाज वळणावर गेला, तिथून कमी झाला.

"त्याला खरं वाटलं नाय," पुंजाराम म्हणाला.

"वाटायचं व्हतं तव्हा तू गप बसला," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता हेच पुंजारामला सोसवेना. ती उंबऱ्यातून उठली. "त्याला आत्ताच पानी दाखवू नको. घटकाभर जाऊ दे."

ती आत गेली. निवडायचं सूप परत हलायला लागलं.

पाजून झालं की नळकांडं राखेनं धुऊन खुंटीला लावायचं काम वीस वर्षं आक्काचं होतं. पुंजाराम ते हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग चुलीपुढून त्यानं मूठभर राख आणली, मोरीवर बसला आणि धुवायला लागला.